झेंड्याचा आदला दिवस

आमच्या गुरुजींसमोर कुणी नुसतं 'काल' म्हटलं की भातात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. "काल म्हंजे कोनती तारीख?" ते लगेच विचारायचे. 'परवा', 'मागच्या महिन्यात', 'त्या साली' हे शब्द तर त्यांच्या लेखी गुन्हेच होते. बैल हरवल्याचं सांगत आलेल्या माणसाला ते आधी तारीख विचारत आणि बैलाचा रंग नंतर. गावानं त्यांचं खरं नाव बाजूला ठेवून त्यांना 'तारीखगुरुजी' करून टाकलं होतं आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडायचं. "काल त रोजच रायते, बाई," ते मला म्हणायचे, "तारीख एकदाच येते."

चौऱ्याहत्तर साली माझी पहिली नेमणूक त्यांच्या शाळेत झाली. दिघोरीच्या अलीकडे, चुलबंद नदीच्या काठावरचं गाव, दोन खोल्या आणि एक ओसरी एवढी शाळा, आणि शिक्षक म्हणजे हेडमास्तर गुरुजी आणि मी. मी भंडाऱ्याची, शहरात वाढलेली, वयानं बावीस आणि तोंडानं फटकळ. ते पन्नाशीला टेकलेले, मूळचे करडीकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा नागपूरला शिकत होता. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक जाडजूड वही उघडली, त्या तारखेचं पान काढलं आणि लिहिलं, 'आज शाळेत बाई आल्या.' मला हसू आलं. मी काही देशाच्या इतिहासात नोंद व्हावी एवढी मोठी नव्हते.

ती वही म्हणजे त्यांचा संसार होता. तीनशे सहासष्ट पानं, प्रत्येक तारखेला एक. रेडिओवर ऐकलेलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे छापलेलं, किराण्याच्या पुडीवर सापडलेलं, असं सगळं त्यात उतरायचं. रोज सकाळी परिपाठाच्या आधी ते शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून असलेल्या फळ्यावर त्यातल्या तीन ओळी लिहीत. फळा म्हणजे भिंतीचाच चौकोन होता. जुन्या सेलमधलं काळं आणि पानांचा रस कालवून दर महिन्याला ते स्वतः सारवायचे, आणि दिवसभर त्यांची बोटं काळी असायची. वर मथळा असायचा, 'आजचा दिवस'. पहिली ओळ जगाची, दुसरी देशाची आणि तिसरी गावाची.

गावाच्या ओळीवर माझा फार जीव होता. चंद्रावर माणूस उतरल्याच्या ओळीखाली 'आजच्याच दिवशी पांडूची म्हैस नऊ जणांनी तलावाच्या गाळातून काढली' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलं आहे. मी एकदा त्यांना छेडलं, की गुरुजी, म्हैस आणि चंद्र एकाच फळ्यावर बरं दिसतं का. ते गंभीरपणे म्हणाले, "चंद्रावर गेले ते दोघं, बाई. म्हशीले नऊ लोकं लागले." त्या दिवशी पांडू चार वेळा शाळेवरून गेला, उगाचच.

मुलांच्या जन्मतारखांवर तर ते अक्षरशः इरेला पेटायचे. आधीच्या कुणा मास्तरानं दाखल्यात अख्ख्या गावाला एक जुलैला जन्माला घातलं होतं. "साऱ्या गावातल्या बाया एकाच दिशी बाळंत झाल्या का?" ते चिडून विचारायचे. मग नाव घालायला आलेल्या आईला समोर बसवून त्यांची चौकशी सुरू व्हायची. भाताची रोवणी चालू होती का संपली होती? तलाव भरून वाहत होता का? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेआधी की नंतर? ती बिचारी लाजून अर्धी व्हायची. पण तासाभरानं गुरुजी एका तारखेवर येऊन पोचत आणि ती तारीख त्या पोराच्या हातावर शाईनं लिहून देत. "हे घे, हा तुहा दिवस, कोनाले देजो नोको," असं म्हणत. पुढे ज्यांना आपली खरी जन्मतारीख माहीत आहे अशी त्या गावची जी चार माणसं मला भेटली, ती सगळी गुरुजींच्या हातची होती.

माणूस असा. त्याला मी काय केलं ते आता सांगते.

पंचाहत्तर हे साल जगभर महिला वर्ष म्हणून पाळायचं ठरलं होतं. गुरुजींनी रेडिओवर ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिन्ही ओळींच्या जागी एकच ओळ लिहिली, 'हे साल बाईमाणसांचं आहे.' रोवणीला निघालेल्या बाया थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी वाचून दाखवलं. त्यातली कौसल्या म्हणाली, "साल आमचं, आन् चिखलही आमचाच." सगळ्या हसत पुढे गेल्या.

कौसल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून ती माहेरी परत आली होती. माहेरी म्हणजे फक्त आई, भागामाय. दोघी मायलेकी रोवणी-कापणीवर जगत. संध्याकाळी मी ओसरीवर बायांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची, त्यात शेवटपर्यंत टिकलेली ती एकटी. छापलेलं अक्षर तिला अजून उमगत नव्हतं. पण मी पाटीवर मोठं आणि सुटं लिहिलं की ती बोट ठेवत ठेवत वाचायची, आणि ओळ संपली की माझ्याकडे असं बघायची की मला शिक्षक झाल्याचं सार्थक वाटायचं.

तेव्हा मीच गुरुजींना म्हटलं, "मग यंदा पंधरा ऑगस्टला झेंडा एखाद्या बाईनं का चढवू नये?"

"कोन बाई? तुमी?"

"मी नाही. कौसल्या."

गुरुजी म्हणाले, "बाई, हे माह्या डोस्क्यात काहून नाही आलं?" त्यांनी सरपंचांना पटवलं, आणि ते सोपं नव्हतं. पुढचे चार दिवस वर्ग सुटला की कौसल्या रिकाम्या खांबाशी उभी राहून दोरी ओढायचा सराव करायची. झेंड्याच्या जागी आम्ही गुरुजींच्या खांद्यावरचा दुपट्टा बांधला होता. तो वर जाऊन उलगडला की भागामाय कुंपणाबाहेरून पदर तोंडाशी धरून बघायची.

मग पलीकडच्या काठावरच्या मोठ्या शेताची रोवणी निघाली आणि कौसल्या धरून अकरा बायांची टोळी नदीपार गेली. तिथेच गोठ्यात मुक्काम करायचा आणि झेंड्याच्या दोन दिवस आधी परतायचं असं ठरलं होतं. पण पावसानं काम लांबलं आणि मालक सोडेना. आदल्या दिवशी सकाळपर्यंत कुणी आलं नाही. गुरुजी नदीवर जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "राहू द्या, बाई. नदी चढून राहिली. सरपंच चढवतीन झेंडा. आपन पुढच्या साली पाहू."

मी हट्टाला पेटले. महिला वर्ष पुढच्या साली थोडंच असतं, असं मी त्यांना सुनावलं. तारखेचं महत्त्व मी गुरुजींना सांगत होते. नदीपार नेणारा डोंगा अजून चालू होता, माणसं येत-जात होती. मी एक कागद घेतला आणि कौसल्याला वाचता यावं म्हणून पेन्सिलीनं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, 'उद्या झेंडा तुझ्या हातानं. आज दिवस बुडायच्या आत ये.' गुरुजींनी कागद हातात घेतला, एकदा नदीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली सही केली. "माह्या सहीनं मालक सोडीन," ते म्हणाले. नावाड्याबरोबर चिठ्ठी गेली.

दुपारी चारच्या सुमारास मी मुलांबरोबर पताका चिकटवत होते. नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही पोचलो तेव्हा डोंगा उलटा होऊन खालच्या वळणाला लागला होता. अलीकडचा काठ चाळीस-पन्नास हात राहिला असताना तो ओढीत सापडला होता. गावच्या पोहणाऱ्यांनी नावाडी आणि आठ बाया काढल्या. पार्वता, सुंदरा आणि कौसल्या तिघी गेल्या. वाचलेल्यांपैकी एक जण काठावर ओलेत्यानंच सांगत होती, "गुरुजीची चिठ्ठी आली म्हनून निघालो जी. कौसल्यानं सोता वाचून दाखवली. खाली गुरुजीची सही होती." गावानं ते ऐकलं. मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा चढला, पण राष्ट्रगीताला कुणाचा आवाज फुटला नाही. खाऊ वाटला नाही. दहाच्या सुमारास कौसल्याचा देह सापडल्याचा निरोप आला. गुरुजी भागामायच्या दारात गेले, मी त्यांच्या मागे. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "झाली का गुरुजी, तुमची तारीख?"

गुरुजींनी हात जोडले. "माह्यानंच झालं, भागाबाई," ते म्हणाले. "मी बोलावलं."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. गुरुजी मागे वळले आणि म्हणाले, "बाई, पोरं शाळेत एकटी आहेत. तुमी जा." आणि मी गेले. मला जायला सांगितलं म्हणून गेले असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण मला जायचंच होतं.

नंतर मी त्यांच्यासमोर रडले, की चिठ्ठी माझी होती, तुम्ही तर नको म्हणत होता. ते फळ्यासाठी काळं कालवत बसले होते. "सही ज्याची, चिठ्ठी त्याची," ते म्हणाले. "तुमचं लगीन व्हायचं आहे. ह्याच गावात राहून पोरं शिकवायची आहेत. माहं काय." मी पुन्हा विषय काढला की ते उठून जात. हळूहळू मी विषय काढणं सोडलं. सवय वाईटाचीही होते.

गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही, पण पूर्वीचं राहिलं नाही. जन्मतारीख विचारायला आया येईनाशा झाल्या. पुढच्या वर्षापासून झेंड्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर जग, देश आणि गाव या तिन्ही ओळी गेल्या आणि तिथे तीन नावं आली, पार्वता, सुंदरा, कौसल्या. काही मंडळींना ते पटलं नाही. सणाच्या तोंडावर मेलेल्यांची नावं कशाला, असं म्हणत एकानं ती पुसलीसुद्धा. गुरुजींनी ती पुन्हा लिहिली. त्या दिवशी भागामाय शाळेचा रस्ता सोडून तलावाच्या पाळीवरून लांबून जायची. वाचता येत नसलं तरी तिथे काय लिहिलं आहे हे तिला माहीत होतं.

तिचा दिवसही वेगळा होता. ती तिथीनं पाळायची, राखीच्या आधीची श्रावणातली अष्टमी. त्या दिवशी ती पळसाच्या द्रोणात भात घेऊन नदीवर जायची. तारखांपलीकडे काही न मानणाऱ्या गुरुजींनी तिच्यापायी पंचांग आणलं. अष्टमीला ते काठावर बरंच लांब, तिच्या नजरेत येणार नाही असे उभे राहायचे, आणि तारखेला पुन्हा एकटे जायचे. म्हणजे त्यांचं दुःख वर्षातून दोनदा यायचं. एकदा पंचांगाशी बरीच आकडेमोड करून ते मला म्हणाले, "चौऱ्याण्णव साली तिथी आन् तारीख एकाच दिशी येते, बाई. तवा त आमी दोघं एकाच टायमाले नदीवर राहू." मग म्हणाले, "तवा तिनं मले एकदा म्हनावं, की या गुरुजी, इकडं उभे राहा. बस, मले दुसरं काही नाही पाह्यजे."

मी ते ऐकलं. त्यांना काय हवं आहे ते मला नेमकं माहीत होतं, आणि ते मिळवून द्यायला भागामायच्या घरापर्यंतची दोन मिनिटांची वाट चालायची होती. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, मी गावात 'आपल्या बाई' झाले. दर वर्षी झेंडा झाला की मी ठरवायची, पुढच्या वर्षी नक्की सांगायचं.

गुरुजी निवृत्त झाले तरी गाव सोडून गेले नाहीत. मुलगा नागपुरात नोकरीला लागला होता, सारखा बोलवायचा. हे रोज सकाळी काठी टेकत शाळेवर येऊन फळा लिहीत. शेवटी दम्यानं त्यांना चार पावलं चालवेना तेव्हा मुलगा येऊन घेऊन गेला. एसटीच्या खिडकीतून त्यांनी वही माझ्या हातात दिली. "बोर्ड खाली ठेवू नोका, रोज लिवा," एवढंच म्हणाले. गाडी सुटताना ते माझ्याकडे नाही, भागामायच्या घराच्या बाजूला बघत होते. शहाऐंशीच्या थंडीत मुलाचं पोस्टकार्ड आलं, गुरुजी गेले म्हणून. त्यात तारीख होती. मी ती वहीत त्या पानावर लिहिली, आणि त्याच दुपारी भागामायकडे गेले.

ती अंगणात सुपानं धान पाखडत होती. गुरुजी गेल्याचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. मग मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते नको म्हणत होते, मी हट्ट केला, चिठ्ठी मी लिहिली, त्यांची फक्त सही होती. अकरा वर्षं पोटात धरलेलं बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भागामाय सुपातल्या धानाकडे बघत म्हणाली, "मले मालूम होतं, बाई."

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगीन? माही कौसल्या फक्त तुहंच अक्षर वाचे. दुसऱ्याचं तिले वाचताच येत नव्हतं. तिनं चिठ्ठी सोता वाचली म्हनून बायाईनं सांगतलं, तवाच समजली मी."

मी विचारलं, "मग तुम्ही गुरुजींना का..."

"त्याईनं पुढं होऊन आपल्या माथी घेतलं. तू मांगं उभी होतीस. मी म्हटलं, पाहू, हे पोरगी कवा बोलते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी लय वाट पाह्यली वं. तू एक शबद बोल्ली असतीस, त मी त्याईच्या बाजूले जाऊन उभी राह्यली असती. माह्या तोंडातून तो तारखेचा शबद पह्यले निघाला होता, त्याईले बोलाव कशी मी? कोनीतरी मधात याचं होतं. आता बोल्लीस. पन ज्याले आयकाचं होतं, तो त गेला."

ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरी आले आणि मुलांसमोरच ओक्साबोक्शी रडले. त्यांना वाटलं, गुरुजी गेले म्हणून.

पुढच्या ऑगस्टमध्ये झेंड्याच्या आदल्या दिवशी मी फळा सारवला, तीन नावं लिहिली आणि त्यांच्याखाली लिहिलं, 'यांना बोलावणारी चिठ्ठी मी लिहिली होती,' आणि खाली माझं नाव. सकाळभर माणसं येऊन वाचून गेली. अकराच्या सुमारास भागामाय आली. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती या दिवशी शाळेच्या रस्त्यानं आली होती. फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काय लिव्हलं ते वाच."

मी वाचलं. कौसल्याचं नाव आलं तेव्हा तिनं पुढे होऊन त्यावर हात ठेवला, आणि तळहाताला खडू लागला. माझी ओळही तिनं पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "गुरुजीचं नाव लिव."

"भागामाय, गुरुजी थंडीत गेले. त्यांची तारीख ही नाही."

"तारीख मले कायले सांगतेस?" ती म्हणाली. "माह्या पोरीच्या बाजूनं लिव."

मी खडू घेतला आणि कौसल्याच्या नावाशेजारी गुरुजींचं नाव लिहिलं. त्या फळ्यावर चुकीच्या तारखेला लिहिलेलं ते पहिलंच नाव होतं. भागामाय बराच वेळ तिथे उभी राहिली.